ब्रेकमधील हवा आणि ब्रेकचे ‘ऑइल’

मोटारीच्या ब्रेकमध्ये जो द्रव भरलेला असतो, त्याला आपल्याकडे मालकापासून मिस्त्रीपर्यंत सर्वजण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हे नाव आता इतके रूढ झाले आहे की ते बदलण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मात्र हा द्रव तेल नव्हे, एवढे वाहन बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. नावातील ‘ऑइल’ या शब्दावर विसंबून कोणी त्या टाकीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे तेल ओतले, तर ब्रेकच्या आतील रबरी वॉशर फुगतात, दट्ट्या अडकतो आणि अखेर साऱ्या रबरी वस्तू, नळ्यांसकट, फेकून नव्या बसवाव्या लागतात. एका चुकीच्या शब्दाची ही किंमत आहे.

स्मरणिकेत अशा विषयावर लेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु दिवाळीच्या सुट्टीला मुले घरी निघतात त्या दिवशी शाळेच्या फाटकासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्या पाहाव्यात. एखादी जीप, एखादी जुनी विकत घेतलेली छोटी मोटार, चार घरांनी मिळून ठरवलेले वडाप. कोणी शाहूवाडीकडे जाणार, कोणी गगनबावड्याकडे, कोणी राधानगरी ओलांडून फोंडा घाटाने खाली कोकणात उतरणार. या गाड्यांचे इंजिन किती चालते, टायर कधी बदलले, हे मालक अचूक सांगतो. ब्रेकचा द्रव शेवटचा कधी बदलला, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर सुचत नाही. कित्येक गाड्यांत तो गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसापासून तसाच असतो.

ब्रेकची मूळ कल्पना सोपी आहे. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंदिस्त द्रवाविषयीचा नियम मांडला, तो शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचला आहे. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. हा नियम मोटारीच्या चाकापर्यंत येण्यास जवळजवळ अडीचशे वर्षे लागली. तोपर्यंत ब्रेक सळया आणि तारा ओढून लावले जात, आणि चारही चाकांना सारखा जोर मिळणे ही नशिबाची गोष्ट असे. १९२१ मध्ये अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक असलेली मोटार विक्रीस आणली आणि पुढे ती पद्धत सर्वत्र पसरली.

आकडे घालून पाहिले की हा नियम नीट समजतो. समजा, चालकाने पेडलवर २० किलोचा जोर दिला. पेडल ही एक तरफ आहे. तिच्यामुळे हा जोर पाचपट होऊन मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो पडला. त्या दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ३.१४ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे द्रवात दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ३२ किलोचा दाब निर्माण झाला. पुढच्या चाकाजवळच्या कॅलिपरमधील दट्ट्याचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सव्वासहा पट होते आणि त्यावर ६२५ किलोचा जोर येतो. इंजिनाच्या पोकळीवर चालणारा बूस्टर यात आणखी भर घालतो, तो वेगळाच. अशा रीतीने पायाच्या साध्या दाबाने टनभर वजनाची गाडी थांबते.

निसर्ग फुकट काही देत नाही. जोर सव्वासहा पट झाला तर हालचाल तितक्याच पटीने कमी होते. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या जास्तीत जास्त तीनेक सेंटिमीटर सरकतो, आणि त्या सरकण्यातून फार तर नऊ-साडेनऊ घन सेंटिमीटर द्रव पुढे ढकलला जातो. सारा व्यवहार दोन चमच्यांचा आहे. आता या बंदिस्त मार्गात कोठेतरी तीन घन सेंटिमीटर हवा शिरली आहे असे समजू. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. ३० पटींहून अधिक दाब येताच ती हवा आकसून नगण्य होते आणि तिने रिकामी केलेली जागा भरण्यातच दट्ट्याची नऊ मिलिमीटर चाल खर्ची पडते. पेडलच्या टोकाशी हेच अंतर पाचपट, म्हणजे साडेचार सेंटिमीटर होते. चहाच्या चमच्यातही भरणार नाही एवढ्या हवेने पेडल साडेचार सेंटिमीटर अधिक खाली जाते. दोन ठिकाणी असे बुडबुडे असतील तर पेडल गाडीच्या तळाला टेकेल आणि चाकाला काही कळणारही नाही.

येथे एक विषयांतर करतो, कारण हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. एसटीची बस किंवा मोठा ट्रक तर हवेवरच ब्रेक लावतो, मग हवा वाईट कशी? त्या वाहनांची रचनाच निराळी असते. तेथे कॉम्प्रेसरने दाबून साठवलेली हवा हेच बळ असते आणि तिचा पुरवठा सतत चालू राहतो. आपल्या मोटारीत बळ पायाचे असते आणि द्रव फक्त निरोप पोहोचवतो. निरोप्याच्या वाटेत हवा आली की निरोप अर्ध्यावरच राहतो.

हवा आत शिरण्याचे मार्ग अनेक आहेत: टाकीतील द्रव कमी होऊन तळ उघडा पडणे, लायनर किंवा कॅलिपर बदलताना नळी सोडवणे, व्हील सिलिंडरचा वॉशर झिजणे. पण सर्वांत फसवी हवा बाहेरून येत नाही. ती आतच तयार होते, आणि ती असते पाण्याची वाफ. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग हाच असल्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहितो.

ब्रेकचा प्रचलित द्रव ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनवतात. त्याला पाण्याचे आकर्षण असते. मीठ पावसाळ्यात जसे ओलसर होते, तसाच हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. टाकीच्या झाकणाला हवा जाण्यासाठी बारीक छिद्र असते, तेथून आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही ओलावा हळूहळू आत झिरपतो. पहिल्या ऐकण्यात हा दोष वाटतो. पण त्यामागे विचार आहे. द्रवाने पाणी सामावून घेतले नाही, तर ते थेंबाथेंबाने सखल भागात साचेल, तेथे लोखंड गंजेल आणि तो थेंब १०० अंशांनाच उकळेल. पाणी द्रवात सर्वत्र विरघळून राहणे हे त्यापेक्षा बरे. मात्र त्याची किंमत अशी की दर पावसाळ्यागणिक साऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू खाली येत जातो. शिरोळ तालुक्यातील कोरड्या हवेत राहणारी गाडी आणि महिनोन्महिने धुक्यात नि पावसात उभी असणारी गगनबावड्याची गाडी यांच्या ब्रेकचा द्रव एकाच वेगाने जुना होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आता घाटाचा हिशेब करू. पन्हाळगड भोवतालच्या मैदानापासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. माणसांसह १,२०० किलो वजनाची मोटार तेवढी उंची उतरून खाली येते तेव्हा जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते ती सुमारे ४७ लाख ज्यूल असते. एवढ्या उष्णतेने १५ लिटर थंड पाणी उकळीला येईल. आंघोळीच्या पाण्याचा भला मोठा हंडा चुलीवर उकळायला किती जळण लागते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या उष्णतेचा अंदाज येईल. यातील काही भाग वाऱ्याचा विरोध आणि इंजिन घेते. उरलेला सर्व भाग चार डिस्क वा ड्रमना सोसावा लागतो. बिडाचे ओतकाम ही कोल्हापूरच्या कारखानदारीची ओळख आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत काम केलेल्या माजी विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको की ड्रम आणि डिस्क बिडाचे करतात ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. बिडातील ग्राफाइटमुळे ते उष्णता चांगली वाहून नेते आणि घर्षण सोसते. पण वाहून नेलेली उष्णता शेवटी पॅडमधून दट्ट्याकडे आणि दट्ट्यातून द्रवाकडे येतेच.

पन्हाळा हा तसा सौम्य उतार. करूळ, भुईबावडा, आंबा, फोंडा, आंबोली हे सारे घाट देशावरून थेट कोकणच्या पायथ्याशी उतरतात. वळणे लागोपाठ येतात आणि त्यामुळे ब्रेकला निवायला उसंत मिळत नाही. अशा उतारावर दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात आणि चालक दोन्हींना ‘ब्रेक गेले’ असेच म्हणतो. पहिलीत पॅड किंवा लायनर तापून त्यांची पकड कमी होते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरीत द्रव उकळतो. पेडल एकाएकी मऊ पडते आणि खाली जाते. पाण्याची वाफ झाली की ती मूळ आकारमानाच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. एका लहानशा थेंबाची वाफ वर सांगितलेल्या दोन चमच्यांच्या व्यवहाराला पुरून उरते.

या दुसऱ्या प्रकाराची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. एक असे की द्रव बहुधा गाडी चालू असताना उकळत नाही, ती थांबल्यावर उकळतो. घाटाच्या मध्यावर चहासाठी गाडी उभी केली की डिस्कवरून वाहणारा वारा थांबतो आणि साठलेली उष्णता सावकाश कॅलिपरकडे सरकते. दहा मिनिटांनी गाडी पुन्हा उतारावर काढावी, आणि पहिल्याच वळणावर पाय खाली जावा. दुसरे असे की खाली पोहोचेपर्यंत सर्व काही निवते, वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्ववत घट्ट होते. मिस्त्री गाडी तपासतो, त्याला काहीच सापडत नाही आणि दोष चालकाच्या माथी येतो. अशा वेळी लायनर आणि वॉशर यांच्याआधी द्रवाच्या वयाची चौकशी करावी.

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक याच कारणासाठी आहे. इंजिनाने गाडी आवरली की ब्रेकवरचा भार हलका होतो. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याची सवय मात्र अत्यंत घातक आहे. बूस्टरमधील पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि मग तोच ब्रेक लावायला कित्येक पट जोर लागतो. वाचलेल्या पेट्रोलचे मोल त्यापुढे काय आहे?

द्रवाची निवड करताना बाजारात ‘डॉट’ या अक्षरांपुढे आकडे दिसतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावावरून ही अक्षरे आली आणि त्या खात्याने ठरवलेली प्रतवारी जगभर चालते. आपल्याकडे भारतीय मानक ८६५४ ही या द्रवासाठी आहे. डॉट ३ प्रतीचा कोरा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. दुकानदार पहिला आकडा सांगतो. आपण दुसरा पाहावा, कारण रस्त्यावर गाडी बहुतेक काळ ओलावा शोषलेल्या द्रवावरच चालते.

यात डॉट ५ नावाचा एक वेगळा प्राणी आहे. त्याचा आकडा डॉट ५.१ च्या शेजारचा असला तरी तो सिलिकॉनचा असतो आणि इतर द्रवांत मिसळत नाही. तो पाणी शोषत नाही, म्हणून आत आलेले पाणी वेगळे साचते. त्यात बारीक बुडबुडे धरून ठेवण्याची खोड असल्याने एबीएस असलेल्या गाडीत तो चालत नाही. ज्या गाडीच्या पुस्तिकेत तो सांगितलेला नाही, त्या गाडीत तो कोणत्याही परिस्थितीत घालू नये. डॉट ३, ४ आणि ५.१ हे तिघे एकाच कुळातील असून अडचणीच्या वेळी एकमेकांत मिसळले तरी बिघडत नाही. मिश्रणाची प्रत मात्र उतरते.

मग घ्यावा कोणता? टाकीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तिकेत जी प्रत लिहिली आहे ती किंवा त्याच कुळातील तिच्या वरची. डॉट ३ लिहिलेल्या आणि वरचेवर घाट उतरणाऱ्या गाडीत पुस्तिकेची हरकत नसेल तर डॉट ४ घालणे शहाणपणाचे आहे. दोहोंच्या किमतीतील फरक फार नसतो. याउलट शर्यतीच्या गाड्यांसाठी बनवलेले महागडे द्रव घरच्या गाडीत भरण्यात शोभेखेरीज काही नाही. त्यांचा कोरा उत्कलनबिंदू मोठा असला तरी ते वारंवार बदलायचे असतात. डबा नेहमी सीलबंद घ्यावा, आणि लागेल तेवढाच मोठा. अर्धा वापरून फडताळात ठेवलेला डबा पुढच्या वर्षी वापरणे म्हणजे ओलावा विकत घेऊन गाडीत भरणे होय. बहुतेक उत्पादक हा द्रव दोन वर्षांनी बदलायला सांगतात. गाडी किती किलोमीटर चालली याला येथे तितके महत्त्व नाही. दारात उभ्या असलेल्या गाडीचाही द्रव ओलावा शोषतच असतो. रंगावरूनही निदान करू नये. काळपट द्रव जुना असतो हे खरे, पण स्वच्छ दिसणारा द्रव कोरडा असतोच असे नाही.

आता हवा काढण्याच्या प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम ब्रेकचे लक्षण ओळखावे, कारण प्रत्येक खाली जाणारे पेडल हवेचे नसते. पेडल रबरासारखे मऊ आणि उसळते लागले तर हवा आहे. पहिल्या दाबाला खाली जाऊन लगेच दुसऱ्या दाबाला वर आणि घट्ट लागले, तर मागच्या ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढले असण्याचा संभव अधिक. तेथे अंतर जुळवावे लागते. पेडलवर पाय स्थिर ठेवला असता ते सावकाश बुडत गेले, तर मास्टर सिलिंडरचा वॉशर आतून निकामी आहे किंवा कोठेतरी गळती आहे. या शेवटच्या प्रकारात घरी काही करू नये आणि ती गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नये. टाकीतील पातळी हळूहळू उतरली असेल तर नुसता वरून द्रव ओतून समाधान मानू नये. पॅड झिजले की दट्ट्या पुढे येतो आणि तेवढा द्रव खाली उतरतो, म्हणून आधी पॅडची जाडी पाहावी.

कामाला दोन माणसे लागतात. एक पेडलपाशी, एक चाकापाशी. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना पुढून-मागून दगड लावून उभी करावी. चाक काढायचे असल्यास गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये. भक्कम स्टँड लावावा. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलजवळ भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चाके लोंबकळत असली तर हा व्हॉल्व्ह दाब अडवतो आणि हवा नीट निघत नाही. अशी गाडी चाकांवर उभी ठेवूनच काम करावे. साहित्य थोडे आहे: निपलला नेमका बसणारा रिंग पाना, पारदर्शक प्लास्टिकची नळी, एक बाटली, सीलबंद द्रव, स्वच्छ फडके आणि बादलीभर पाणी. पाणी अशासाठी की हा द्रव रंग खातो. पत्र्यावर थेंब पडला तर न पुसता लगेच पाण्याने धुवावा.

टाकी उघडण्यापूर्वी झाकणाभोवतीची धूळ पुसून घ्यावी. जुना काळा द्रव सिरिंजने शक्य तेवढा वरून काढून टाकी नव्या द्रवाने भरावी, म्हणजे जुना मळ सगळ्या नळ्यांतून फिरवावा लागत नाही. सर्वसाधारण रीत अशी की मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, म्हणून प्रथम मागचे डावे, मग मागचे उजवे, नंतर पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. पण ज्या गाड्यांत ब्रेकचे दोन मार्ग तिरपे विभागलेले असतात तेथे क्रम निराळा असू शकतो. पुस्तिकेचा शब्द अंतिम मानावा.

निपलवरची रबरी टोपी काढून त्यावर पाना बसवावा, मग नळी चढवावी आणि नळीचे दुसरे टोक बाटलीतील थोड्याशा द्रवात बुडवून ठेवावे. इंजिन बंद असावे. पेडलपाशी बसलेल्याने सावकाश दोन-तीनदा पेडल मारून दाबून धरावे आणि ‘धरले’ म्हणून सांगावे. मग खालच्याने निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावे. द्रव आणि बुडबुडे नळीतून येतील, पेडल खाली जाईल. पेडल खाली असतानाच निपल बंद करावे आणि ‘सोड’ म्हणावे. त्यानंतरच पाय उचलायचा. हा क्रम चुकला, निपल उघडे असताना पाय उचलला गेला, तर आत येणारा मार्ग मोकळा मिळतो आणि काढलेली हवा परत जाते. म्हणून दोघांत एकानेच बोलावे असे नसून दोघांनी प्रत्येक पायरी मोठ्याने बोलली पाहिजे. हे काम शिकवताना मी विद्यार्थ्यांना पाना हातात देण्यापूर्वी हे दोन शब्दच आधी घोकायला लावतो.

पेडल झपाझप मारू नये. त्याने हवेचा फेस होतो आणि फेस निघायला अधिक वेळ लागतो. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंतही दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात दट्ट्या एरवी कधी पोहोचत नाही तेथे गंज नि मळ साचलेला असतो, आणि एकदा वॉशर त्यावरून घासला की कालपर्यंत ठीक असलेला सिलिंडर आज गळू लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हा धोका टळतो. दर पाच-सहा वेळांनंतर टाकीत डोकावावे. टाकी रिकामी झाली तर तोपर्यंतचे सारे श्रम वाया जातात. नळीतून स्वच्छ नवा द्रव आणि एकही बुडबुडा नाही, असे दिसू लागले की निपल बंद करून पुढच्या चाकाकडे जावे. निपल बारीक आणि पोकळ असते; ते बेताचे आवळावे. गंजलेले निपल जोर लावून तोडण्यापेक्षा आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल बाहेरून लावून ठेवावे, मात्र ते आत जाऊ देऊ नये. छोट्या मोटारीचा सारा द्रव बदलायला अर्धा ते एक लिटर पुरतो. बाटलीत जमलेला द्रव कितीही स्वच्छ दिसला तरी पुन्हा टाकीत ओतू नये.

कधी कधी शंभर वेळा पेडल मारूनही एका चाकाची हवा निघतच नाही. अशा वेळी निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, ते पाहावे. डावा आणि उजवा कॅलिपर बसवताना अदलाबदल झाली तर निपल खाली येते. हवा वर साठते, द्रव खालून वाहत राहतो, आणि मिस्त्री बिचारा मास्टर सिलिंडर बदलण्याच्या विचाराला लागतो.

एबीएस असलेल्या गाड्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. चाकाजवळचे काम झाले असेल आणि टाकी कधी रिकामी झाली नसेल तर वर सांगितलेली रीत बहुधा पुरते. परंतु एबीएसच्या यंत्रातच हवा अडकली, तर त्याचे आतील व्हॉल्व्ह संगणकाच्या साहाय्याने उघडावे लागतात; ते काम गॅरेजचेच. घरी हे काम करू इच्छिणाऱ्याने पहिल्या वेळी जाणत्या मिस्त्रीला शेजारी उभे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या हातावर चार पैसे ठेवावे लागले तरी चालेल. जेथे चूक झाली तर ती उतारावरच उघडकीस येते, असे हे काम आहे.

काम संपल्यावर टाकी वरच्या खुणेपर्यंत भरावी, त्याहून अधिक नाही. झाकण लावून पेडल जोरात दाबून धरावे आणि दुसऱ्याने चारही निपल व नळ्यांचे सांधे कोरड्या फडक्याने पुसून पाहावेत. फडके ओले होता कामा नये. मग इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली जाऊन थांबले पाहिजे. ते बूस्टरचे काम. मिनिटभर दाबून धरले तरी ते आणखी बुडू नये. त्यानंतर मोकळ्या, सपाट मैदानात चालण्याच्या वेगाने दोन-चार वेळा थांबून पाहावे आणि मगच रस्ता धरावा. घाट तर त्या दिवशी नकोच.

आपल्याकडे महापुराच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहर व खेडी पाण्याखाली आली. दारातल्या गाड्या कित्येक दिवस पाण्यात उभ्या होत्या. पुरातून निघालेल्या गाडीचे इंजिन सुरू झाले की मालक सुटकेचा निःश्वास टाकतो. पण टाकीच्या झाकणातील त्या बारीक छिद्रावरून पाणी गेले असेल तर ब्रेकचा द्रव पूर्ण बदलावा. ड्रम उघडून गाळ धुवावा आणि व्हील सिलिंडरच्या टोप्यांखाली गंज आहे का ते पाहावे. जुनी गाडी विकत घेताना ती पुरात होती की नाही हे विक्रेता सांगेलच असे नाही. ड्रममध्ये सापडणारा बारीक तांबडा गाळ मात्र सांगून जातो.

काढलेला जुना द्रव विषारी असतो. तो रिकाम्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. वसतिगृहाच्या, घराच्या आवारात तर मुळीच नाही, कारण त्याचा फिकट पिवळा रंग मुलांना फसवू शकतो. डब्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. गटारात ओतला तर तो पाण्यात सहज मिसळतो आणि नाला नदीला मिळतो. इंजिनच्या जळक्या ऑइलमध्येही तो मिसळू नये, कारण त्यामुळे ते ऑइल पुन्हा शुद्ध करता येत नाही. वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, टाकाऊ ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजकडे तो सोपवावा. आणि टाकीच्या शेजारी, पुसली जाणार नाही अशा रंगाने, त्या दिवसाची तारीख व द्रवाची प्रत लिहून ठेवावी. पुढच्या मालकालाही ती वाचता येईल.